मानेमागचा हिरवा मणी

त्या रविवारी थोरल्या भावाच्या घरी निघताना सलाउद्दीनच्या मनात तीन फायदे पक्के होते. खलील त्या मण्यांच्या नादातून सुटला की दुकानात पुतण्याचे दोन हात येणार, आणि पुतण्याला पगार द्यायचा नसतो, जेवू घातलं की भागतं. हा पहिला. पिंपळगावच्या खंडेरावांची समजूत आपण घातली की भाई जन्मभर मिंधा. मागल्या साली दुकानाच्या वाटणीत त्यानं जो मोठेपणा दाखवला होता, त्याचं ओझं एकदाचं उतरणार. हा दुसरा. तिसरा लहान होता, पण गोड होता: बिलकिसला एकदा तरी गप्प बसलेली पाहायला मिळणार.

तोट्याच्या बाजूला त्यानं काहीच धरलं नव्हतं. बायको जहिदाला बरोबर घेतलं होतं, ते साक्षीला.

भद्रकालीमागच्या गल्लीतल्या त्या दोन खोल्यांत महेबूब मण्यार जमिनीवर बसून बांगड्या मापाप्रमाणे निवडत होता. समोर त्याची तिन्ही मुलं: बिलकिस, खलील आणि शेंडेफळ माजिदा. तिघांच्या मध्ये सुपात सोनेरी काचमणी, आणि प्रत्येकाच्या हातात मेण ओढलेला रेशमी दोरा. सलाउद्दीन बसला, आणि पाण्याचा पेला खाली ठेवायच्या आतच बोलला.

"काल खंडेराव पाटील माझ्या दुकानात आले होते. बसले नाहीत, पाणी घेतलं नाही. उभ्याउभ्या म्हणाले, तुझ्या भावाला सांग, आमच्या गावात चुडे भरायला आता येवल्याचा मण्यार येईल."

महेबूबच्या हातातली बांगडी हातातच राहिली. पिंपळगाव बसवंत ही त्याची तीस वर्षांची फेरी होती. तिथल्या सासवांचे चुडे त्यानं भरले होते, मग सुनांचे, आता नातींचे भरत होता. सन तेहेतीसची लग्नसराई अजून तीन आठवडे बाकी होती.

"आणि हे सगळं कशापायी?" सलाउद्दीननं सुपाकडे हनुवटी दाखवली. "ह्या खेळापायी."

झालं होतं ते असं. दोन वर्षांमागं सोनं चढू लागलं, आणि घरोघरच्या पुरुषांना एकाएकी दिसलं की आपल्या दुकानात नाही इतका माल आपल्या बायकांच्या गळ्यात आहे. गरजेनं विकणारे होतेच, पण नुसत्या भावाला भुलून विकणारेही थोडे नव्हते. सोनं मुंबईला गेलं. बायकांना मात्र लग्नांना जायचं होतं, आणि मोकळ्या गळ्यानं चारचौघींत बसायचं नव्हतं. तिथं महेबूबच्या मुलांचं काम उपयोगी पडलं. बोरमाळ म्हणा, ठुशी म्हणा. मूळ दागिना जसा होता तसा तोंडी सांगायचा, पंधरा दिवसांनी तसाच मण्यांचा न्यायचा. वजन भासावं म्हणून मधूनमधून लाखेचे मणी. दोन पावलांवरून सराफानंही फसावं असा.

खंडेराव तिघे भाऊ. तिघांनी आपापल्या बायकोची ठुशी एकमेकांपासून चोरून विकली होती. तिघी जावा एकमेकींपासून चोरून बिलकिसकडे आल्या होत्या. तिघींनी तिला शपथा घातल्या होत्या, आणि बिलकिसनं तिन्ही शपथा इतक्या इमानानं पाळल्या की त्याचाच घोटाळा झाला. कारण तिच्या हातच्या प्रत्येक दागिन्याला मागे, गाठीजवळ, एक हिरवा मणी असे. गेल्या आठवड्यात भावकीतल्या लग्नात तिन्ही मणी एका जागी आले, आणि तिघा भावांचं पितळ उघडं पडलं.

"लपवून घालायच्या मालावर कुणी खूण ठेवतं?" सलाउद्दीन म्हणाला. "मी चाळीस वर्षांत असा धंदा पाहिला नाही."

"तुम्ही चाळिशीचे तर आहात, चचा," माजिदा म्हणाली. "जन्मल्याबरोबर पाहायला लागलात?"

"माजिदा!" महेबूबनं नुसतं नाव घेतलं. पण ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, आणि जहिदानं ते टिपलं.

"भाई, मी सरळ सांगतो. हे सूप उचला. खलील उद्यापासून माझ्याकडे बसेल. मी स्वतः पिंपळगावला जाऊन पाटलांचे पाय धरतो. तुमची फेरी तुम्हाला परत. मंजूर?"

आणि तेवढ्यात खलील, ज्याच्यावर बिलकिसचा सगळ्यांत जास्त भरवसा होता, हळूच म्हणाला, "आपा, काम नको सोडूया. पण हिरवा मणी नाहीच लावला तर?"

बिलकिसनं त्याच्याकडे पाहिलं. चचांचं तिला नवल नव्हतं. चचा म्हणजे पाऊस पडला तरी आपल्या छपराला किती लागला ते आधी बघणारे. पण खलील! मुंबईला जाऊन भेंडीबाजारात दिवसभर उभा राहून मणी निवडून आणणारा, एकाच पुड्यातल्या मण्यांत दोन छटा ओळखणारा खलील.

तिला खाट आठवली. अम्मी आठ महिने त्या खाटेवर होती. अब्बा फेरीवर गेले की तिघं तिच्या पायथ्याशी बसून, अब्बांच्या गाठोड्यातले उरलेसुरले मणी ओवायची. तिचा वेळ जावा म्हणून. अम्मी एकेक सर हातात घेऊन डोळ्यांपुढं धरी आणि नाव ठेवी. "हा मणी तिरका. हा दोरा सैल. हे तू केलंस ना, खलील? घाई दिसते." कौतुक तिनं एकदाच केलं. बिलकिसची पहिली ठुशी तिनं तीन वेळा उलटीपालटी केली, आणि काही न बोलता आपल्या गळ्यातल्या हिरव्या मण्यांच्या हाराची गाठ सोडली. त्यातला एक मणी काढून बिलकिसच्या तळहातावर ठेवला. "हा मागे लाव. म्हणजे काम कुणाचं ते कळेल."

"मणी नाही लावला," बिलकिस म्हणाली, "तर ते काम कुणाचंही होईल. उद्या दुसरा कुणी कच्च्या दोऱ्यात ओवून विकेल, तुटलं की लोक आपल्या दारात येतील. आणि खरं सांगू चचा? मला ते माझंच आहे हे कळायला पाहिजे. बाकी कुणाला नाही कळलं तरी चालेल."

"कळलं ना पण! सगळ्या तालुक्याला कळलं!"

"ते पाटलांनी तीन ठुश्या विकल्या म्हणून कळलं. आम्ही तीन केल्या म्हणून नाही."

सलाउद्दीननं साक्षीदाराकडे पाहिलं. जहिदा म्हणाली, "मुलींच्या जातीनं एवढं बोलू नये, बिलकिस." म्हणायचं म्हणून म्हणाली, आणि मानेवरचा पदर उगाचच आणखी वर ओढून घेतला. मे महिन्याच्या त्या उकाड्यात तिनं पदर मानेपासून दूर केलाच नव्हता. सलाउद्दीनच्या ते ध्यानात आलं नाही. नवऱ्यांच्या ध्यानात येत नाही, यावर तर मण्यार लोकांचा निम्मा धंदा चालतो.

मग महेबूब उठला. कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडून त्यानं एक लहान डबी आणली आणि झाकण काढून सुपाशेजारी ठेवली. आत अम्मीच्या हारातले हिरवे मणी होते.

तिन्ही मुलांचे चेहरे पडले. अब्बांना ही डबी ठाऊक नाही, अशी त्यांची चार वर्षांची समजूत होती.

"शंभर होते," महेबूब म्हणाला. "तुमच्या अम्मीनं जायच्या आधी मला सांगून ठेवलं होतं. मुलं यातले मणी काढतील. तुम्ही मोजत जा, बोलू नका. शंभर संपायच्या आत त्यांचं काम उभं राहिलं तर ते त्यांचं. नाही राहिलं तर उरलेले मणी परत ओवा आणि माझ्या नावानं ठेवून द्या. दर जुम्म्याला मी मोजतो." त्यानं मुलांकडे पाहिलं नाही, डबीकडेच पाहत राहिला. "एकसष्ट उरलेत. म्हणजे एकोणचाळीस दागिने. चार वर्षांत एकही दुरुस्तीला परत आला नाही. माझ्या बांगड्यांबद्दल असं कधी म्हणता आलं नाही मला."

मण्यार माणूस मुलांची तारीफ करतो तेव्हा अशी करतो, आपला माल खालचा ठरवून. माजिदाचे डोळे भरले. खलील वही शोधायच्या निमित्तानं खाली वाकला.

"एकोणचाळीस नाही, अब्बा," वहीत बघून तो म्हणाला. "अडतीस आहेत. लिहिलेले अडतीसच."

"मी मोजलंय."

"मीही लिहिलंय."

सलाउद्दीन सरळ बसला. "म्हणजे एक गेला कुठं? हाच का तुमचा कारभार? एका मण्याचा पत्ता नाही, आणि म्हणे काम कुणाचं ते कळायला पाहिजे!"

जहिदानं पदर मानेशी घट्ट धरला. तो एकोणचाळिसावा मणी कुठं आहे हे खोलीत दोघींनाच ठाऊक होतं. बिलकिसला, जिनं तो लावला. आणि तिला स्वतःला, जिच्या मानेला तो या घटकेला टोचत होता. पाच महिन्यांमागं सलाउद्दीननं तिचा सोन्याचा गुलुबंद विकून दुकानाला काचेचं कपाट केलं होतं. भावजयांपुढं उघड्या गळ्यानं जायची तिला लाज वाटली. बिलकिसनं हुबेहूब तसा गुलुबंद करून दिला, पैसे घेतले नाहीत, वहीत नाव घातलं नाही. नवऱ्याला जहिदानं सांगितलं होतं की माझ्या मालेगावच्या भावानं नवा घडवून दिला. तेव्हापासून सलाउद्दीन मेव्हण्याशी फार अदबीनं बोलत असे.

बोलेल ही, जहिदाला वाटलं. आता स्वतःची बाजू राखायला बोलेल.

"तो माझ्या हातून गेला," बिलकिस म्हणाली. "हरवला."

"तू मणी हरवत नाहीस," महेबूब म्हणाला.

"हरवला, अब्बा."

महेबूबनं डबीचं झाकण लावलं. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्याचा चेहरा उतरला. पिंपळगाव जातं म्हटल्यावरही तो इतका उतरला नव्हता. "मग सलाउद्दीन म्हणतो त्याचा विचार करावा लागेल," तो म्हणाला. जहिदानं जमिनीकडे पाहिलं.

बाहेर टांगा थांबला.

"महेबूबभाई! हायेस का घरात?"

तो आवाज पिंपळगावात तीन शेतं ओलांडून गडी बोलावत असे. खंडेरावांची बायको बयाबाई दारातून आडवी होऊन आत आली, मागून मधली जाऊ कुसाबाई. सलाउद्दीन झटकन उभा राहिला. पाय धरायचेच तर इथूनच सुरुवात करावी, असा त्याचा बेत दिसला.

"बाईसाहेब, मुलांची चूक झाली. मी उद्याच पाटलांकडे—"

"तू कोन?"

"मी धाकटा भाऊ. पाटील माझ्या दुकानात आले होते. येवल्याच्या मण्याराचं म्हणाले."

"येवल्याच्या?" बयाबाईनं बसकण मारली आणि दोन्ही हात महेबूबपुढं केले. "पाटलांचं मनगट आन इकडं. त्यांच्या हातात भरायच्या असतील तर येवल्याचा बोलाव. माझ्या हातात तीस वर्सं ह्यानं भरल्या. भर रे भाऊ. हिरव्या काढ, लेकीचं लगीन हाय पुढल्या बुधवारी."

महेबूबनं गाठोडं ओढलं. हात त्यानं आधी धोतराला पुसले.

"पण बयाक्का, लग्नात झालं काय ते?" माजिदाला राहवेना.

"काय सांगू पोरी! आमी बायका रांगेनं बसलो होतो वेण्या माळायला. पुढची बसती, मागची माळती. मी ह्या कुसाचा पदर उचलला, तर मानेवर हिरवा मणी. मला वाटलं, अगं बाई, माझी ठुशी हिच्या गळ्यात गेली कशी? म्हणून माझी चाचपली, तर जागच्या जागी. तेवढ्यात मागून धाकटी म्हणती, अक्का, तुमच्याकडंबी हाय?"

"मला तर आधी वाटलं, अक्कांनी माझी चोरली," कुसाबाई म्हणाली.

"ऐकलंस? मोठ्या जावेला चोर म्हणती! मग जे हसू लागलो, ते वऱ्हाड थांबलं. वरमाय बघायला आली काय झालं म्हणून, तर तिच्यापन मानंला—" बयाबाई थांबली. "तिचं नाव नाय काढत."

खलीलनं बिलकिसकडे पाहिलं. बिलकिस दोऱ्याला मेण लावत होती, जणू काही ऐकलंच नाही.

"दुसऱ्या दिवशी तिघा भावांना समोर बसवलं. बोला, सोनं कुठं हाय? एकानं विहिरीवरच्या इंजनाला विकलं. एकानं शर्यतीच्या बैलाला. आन् आमचे पाटील! त्यांना काय नडलं नव्हतं. भाव चढला म्हणून विकलं. नुसतं चढला म्हणून! आन् तिघंबी एकमेकांना सांगत होते, घरातलं सोनं घरात हाय. तोंड लपवायचं त्यांनी. आमी मान का झाकायची?" तिनं गळ्यातली ठुशी काढून बिलकिसपुढं टाकली. "ही उसव. हिरवा मणी मागं नको. समोर लाव, मधोमध. ज्याला बघायचं त्याला कळू दे, हे सोनं नाय. आन् कुणाच्या हातचं हाय तेबी कळू दे."

बिलकिसनं ठुशी उचलली. तिची बोटं कधी चुकत नसत, पण आत्ता गाठ सापडायला वेळ लागला.

"माझीपन," कुसाबाई म्हणाली. "आन् नामपूरला माझ्या माहेरी पाच करायच्यात. समोर मणी असलेल्याच. माझ्या वहिन्यांना सांगून झालंय."

"सात," खलील वहीत लिहीत म्हणाला. मग त्यानं मान वर केली. "आपा, मघाशी मी बोललो ते—"

"लिही तू," बिलकिस म्हणाली. "घाई दिसतेय अक्षरात."

माजिदा खुदकन हसली. खलीलही हसला, आणि त्या हसण्यात भावाबहिणीची फिटंफाट झाली.

बांगड्या भरताना महेबूबच्या हातून दोन फुटल्या. तीस वर्षांत बयाबाईच्या हातावर त्याची एकही फुटली नव्हती. "भरताना फुटली ती मण्याराची," ती त्याला त्याचाच नियम सांगून हसली, आणि भरलेले दोन्ही हात जोडून उठली. जाताना उंबऱ्यावरून म्हणाली, "महेबूबभाई, पोरी गुणाच्या हायेत तुझ्या. तिघींचं ओळखून होती ही, पन एकीचं दुसरीला कळू दिलं नाय. सोनार कुठं राखतो असं?"

टांगा वळला. सलाउद्दीननं मनातल्या मनात पान उलटलं. या माणसाचं एक मानावं लागेल, पान उलटायला त्याला वेळ लागत नसे. "मी काय म्हणतो भाई, माझ्याकडे काचेचं कपाट आहे. मुलांचा माल तिथं ठेवू. फक्त वही माझ्याकडे राहील. मणी कसे हरवतात ते सगळ्यांनी पाहिलंच आहे."

बिलकिस गप्प बसली. त्याला हवी होती तशीच गप्प.

जहिदानं तिच्याकडे पाहिलं. या पोरीनं तीन जावांचं राखलं, वरमायेचं राखलं, आणि मघाशी बापापुढं स्वतःची मान खाली घालून तिचंही राखलं. पिंपळगावची शेतकरीण समोर लाव म्हणते, आणि आपण मण्याराच्या घरात मण्याची लाज धरून बसलोय! ती उठली. नवऱ्याकडे पाठ केली आणि पदर मानेवरून पुरता खाली घेतला.

"हा एकोणचाळिसावा."

सलाउद्दीननं वाकून पाहिलं. "पण हा तर तुझ्या भावानं दिलेला..."

"माझा भाऊ मला ईदला फणी देत नाही. गुलुबंद देईल?"

"मग मी त्याला द्राक्षांची करंडी पाठवली ती?"

"त्यानं खाल्ली."

महेबूब इतका हसला की त्याला भिंतीला टेकावं लागलं. हसणं ओसरल्यावर त्यानं डबी पुन्हा उघडली, आणि या वेळी ती पेटीत ठेवली नाही. बिलकिसच्या मांडीवर ठेवली. "समोर लावायचे तर नीट पाहून लाव," तो म्हणाला. "मोठे वेगळे काढ. तिच्या हारात मोठे मणी मधोमधच होते."

"चाची, तुमचाही पुढे घेऊ?" बिलकिसनं विचारलं.

"घे. आणि खलील, एकोणचाळिसाव्यापुढं नाव घाल. सलाउद्दीन मण्यार. पूर्ण किंमत, घरातली म्हणून सूट नाही. आत्ता देतायत."

त्या दुपारचा हिशेब असा उतरला. मोटारीचं आणि टांग्याचं भाडं खंडेरावांनी भरलं, कारण बयाबाईनं ते त्यांच्याच कोटाच्या खिशातून काढलं होतं. दोन बांगड्या महेबूबच्या. द्राक्षांची करंडी मालेगावात जिरली. गुलुबंदाचे पैसे सलाउद्दीननं दिले, रोख, नाणं नाणं मोजून. आणि त्याचे तीन फायदे तो घेऊन आला होता तसेच परत घेऊन गेला. एकसष्ट हिरव्या मण्यांचे पैसे मात्र कुणी मागितले नाहीत, कुणी दिले नाहीत. ते मणी जिचे होते ती चार वर्षांपूर्वीच, गळ्यातली गाठ स्वतःच्या हातानं सोडून, भरणा करून गेली होती.